न भेटलेले सोबती

नोव्हेंबर २०१४ मध्ये नॉर्वेतील ऑस्लो शहरात मात्स स्टेन नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण वारला. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. शरीराचे स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा हा आनुवंशिक आजार बहुतेक वेळा मुलग्यांनाच होतो आणि तो पूर्ण बरा करणारे औषध नाही. मात्स लहानपणीच चाकाच्या खुर्चीवर आला. पुढे हातापायांतली ताकद जात जात बोटांची थोडी हालचाल तेवढी उरली. त्या बोटांनी तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळत असे. शेवटच्या दहाएक वर्षांत त्याने या खेळात पंधरा ते वीस हजार तास घालवले असावेत, असा अंदाज आहे. आईवडिलांना मुलगा गेल्याचे दुःख होतेच. त्याच्या जोडीला आणखी एक सल होता. आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, कोणाच्या आयुष्यात त्याची काही जागा झाली नाही, असे त्यांना वाटत होते.

मात्स एक ब्लॉग लिहीत असे आणि त्याचा पासवर्ड आईवडिलांकडे होता. त्यांनी तिथे निधनाची बातमी लिहिली व खाली आपला ई-मेलचा पत्ता दिला. मग पत्रे येऊ लागली. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून, अनोळखी माणसांची, लांबलचक पत्रे. लिहिणाऱ्यांपैकी कोणी मात्सला प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. त्यांच्या लेखी तो इबेलिन होता, खेळातला एक धडधाकट, देखणा, गुप्तहेरगिरी करणारा उमराव. रोज खेळात शिरल्यावर हा इबेलिन आधी पळत एक लांब फेरी मारायचा आणि वाटेत कोण कोण भेटते ते पाहायचा. अंत्यविधीला या मंडळींपैकी पाच जण निरनिराळ्या देशांतून ऑस्लोला आले. खेळातले जुने संवाद गटाने जतन करून ठेवलेले होते. त्यांच्या आधारे बेन्यामिन रे या दिग्दर्शकाने केलेला माहितीपट २०२४ मध्ये आला आणि ही हकीकत जगभर पोहोचली.

ती सहसा सांगितली जाते ती अशी : एकाकी अपंग मुलाला इंटरनेटवर मित्र भेटले, त्यांनी त्याला आधार दिला. मला ती अशी सांगणे पुरेसे वाटत नाही. आलेल्या पत्रांत बहुतेकांनी लिहिले होते ते मात्सने आपल्यासाठी काय केले याविषयी. एका मुलीच्या आईवडिलांनी अभ्यासापायी तिचा संगणक काढून घेतला, तेव्हा मात्सने त्या आईवडिलांना पत्र लिहून तिच्यासाठी ही मैत्री काय आहे हे समजावले होते. एका आईला आपल्या स्वमग्न मुलाच्या जवळ जाता येत नव्हते. तिला त्याने मुलाबरोबर खेळात उतरायला सुचवले आणि मायलेकांमधली वाट तिथून थोडी मोकळी झाली. आणि हे सगळे चालू असताना यातल्या बहुतेकांना त्याच्या आजाराचा पत्ताही नव्हता. तो काही संत नव्हता. आजार बळावला तेव्हा तो तुटक वागला, काही जणांना त्याने दुखावलेही, आणि मग उशिराने आपली खरी अवस्था सांगितली. पण तोपर्यंत त्या मंडळींत त्याची जागा पक्की झालेली होती, आणि ती रुग्णाची जागा नव्हती.

या जागेविषयी मला लिहायचे आहे. त्याआधी एका शब्दाचा हिशेब करायला हवा.

'व्हर्च्युअल' या शब्दाला मराठीने 'आभासी' हा प्रतिशब्द घेतला आणि तो रुळला. इंग्रजीतल्या त्या शब्दात 'रूपाने नसले तरी परिणामाने असलेले' असा अर्थ आहे. मराठीतला आभास मात्र मृगजळाच्या घरातला. आभास म्हणजे भासते पण नसते. त्यामुळे 'आभासी मैत्री' असे म्हटले की निकाल आधीच लागलेला असतो, पुरावा पाहायचा प्रश्नच उरत नाही. पत्रमैत्रीला आपण कधी आभासी म्हटले नव्हते. धारवाडला राहून माणसांची गर्दी टाळणारे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार आज दोन्ही बाजूंनी छापील स्वरूपात उपलब्ध आहे. प्रत्यक्ष सहवास थोडा आणि लिहून बोलणे उदंड, अशी ती मैत्री. तिला कोणी खोटी म्हणणार नाही. त्याही मागे जायचे तर जात्यावरची ओवी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, सासरचे जे कोणाला सांगता येत नाही ते बाई जात्याला सांगते, आणि समोर बसून दळणारी दुसरी बाई तिच्या ओवीला आपली ओवी जोडते. जे घरात बोलता येत नाही ते घराच्या कानाआड कुठे तरी बोलायचे, ही गरज इंटरनेटने निर्माण केलेली नाही.

इंटरनेटने केले ते इतकेच की समोर दळणारी बाई हजारो मैलांवर असली तरी चालू लागले. याचे एक जुने, नीट नोंदलेले उदाहरण म्हणजे 'वेल'. स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ही संगणकावरची चर्चामंडळी सुरू केली. (हेच ब्रिलियंट सत्तरच्या दशकात भारतातल्या देवी निर्मूलनाच्या मोहिमेत डॉक्टर म्हणून काम करून गेले होते.) टेलिफोनच्या तारेवरून अक्षरे सरकत येत, चित्र नाही, आवाज नाही. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड या लेखकाने १९९३ च्या आपल्या पुस्तकात या मंडळींविषयी विस्ताराने लिहिले आहे. पालकांसाठीच्या चर्चेत एका बापाने आपल्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे लिहिले, तेव्हा त्याच मंडळींतले डॉक्टर, परिचारिका आणि या आजारातून गेलेली माणसे पुढे आली. दुसरा प्रसंग तर आपल्याकडचाच. मंडळींतली एक सभासद हिमालयात आली, बौद्ध भिक्षुणी झाली आणि दिल्लीत यकृताच्या आजाराने अत्यवस्थ झाली. बातमी पोहोचताच लोकांनी वैद्यकीय माहिती, दिल्लीतल्या ओळखी आणि पैसा उभा केला व तिला अमेरिकेत परत नेण्यात आले. सगळे कोणी एकाने बसून आखलेले नव्हते, ज्याला जे सुचले ते तो करत गेला. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' सुरू केली. म्हणजे मराठी माणसालाही या वाटेवर येऊन आता जवळपास तीन दशके होत आली.

मग प्रश्न येतो की घरात, शेजारात, नात्यात माणसे असताना दूरच्याला का सांगायचे? घरच्यांत प्रेम नाही म्हणून, असे उत्तर देणे सोपे असले तरी ते बहुतेक वेळा चुकीचे असते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग सिमेल याने १९०८ मध्ये 'परका माणूस' या विषयावर एक टिपण लिहिले. गावात असूनही गावाच्या सोयरिकीत नसलेल्या माणसाजवळ लोक अशा गोष्टी उघड करतात, ज्या आप्तांपासून जपून ठेवलेल्या असतात, हे त्याने त्यात नोंदवले आहे. शंभर वर्षांनी मारिओ स्मॉल या समाजशास्त्रज्ञाने हेच वेगळ्या मार्गाने तपासले. महत्त्वाच्या गोष्टी आपण कोणाशी बोलतो आणि आपल्या आयुष्यातली महत्त्वाची माणसे कोण, असे दोन्ही प्रश्न त्याने अमेरिकेतल्या लोकांना विचारले. ज्यांच्याशी लोक मनातले बोलले होते, त्यांतली सुमारे ४५ टक्के माणसे 'महत्त्वाची माणसे' या दुसऱ्या यादीत नव्हतीच. म्हणजे मन मोकळे करायला आपण जवळचा माणूस शोधतोच असे नाही. ज्याला सांगून अडचण होणार नाही आणि ज्याला कळेल, असा माणूस आपण शोधतो.

जवळच्याला सांगण्यात अडचण कसली, हे मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगायला नको. सासरचा त्रास माहेरी सांगितला की वडिलांचा रक्तदाब वाढतो आणि आईला झोप येत नाही. मग ज्याला दुःख तोच दुसऱ्यांची समजूत घालत बसतो. मूल होण्यासाठी उपचार घेणारे जोडपे जावांपासून लपवून दवाखान्यात जाते, कारण एकीला सांगितले की ते कर्णोपकर्णी होऊन लग्नाच्या पंगतीत चौकशी सुरू होते. नोकरी गेलेला मुलगा महिनाभर डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडतो. नात्यात सांगितलेली गोष्ट तिथेच राहत नाही. ती पुढच्या प्रत्येक भेटीत आपल्याआधी खोलीत जाऊन बसते. दूरच्या मित्राला सांगितलेली गोष्ट आपल्या घराच्या जिन्यावर कधी भेटत नाही. त्याचा आपल्या जमिनीत वाटा नाही, आपल्या मुलीच्या स्थळाशी त्याचा संबंध नाही, आपण हरलो तर त्याची मान खाली जात नाही. मैत्रीतली उणीव म्हणून आपण ज्या अंतराकडे बोट दाखवतो, त्या अंतरावरच ही मैत्री चालते.

लिहिण्याचाही यात वाटा आहे. समोरासमोर सांगताना ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो आणि आपण वाक्य अर्ध्यावर सोडतो. लिहिताना चेहरा नसतो. थांबता येते, खोडता येते, नेमके काय दुखते ते शोधता येते. जोसेफ वॉल्थर या संवादाच्या अभ्यासकाने १९९६ मध्ये हे दाखवून दिले की केवळ मजकुरावर चालणारी नाती समोरासमोरच्या नात्यांपेक्षा कधी कधी अधिक दाट होतात, कारण दोन्हीकडचा माणूस सवडीने आणि निवडून बोलतो. त्याच कारणाने ती फसवीही होऊ शकतात, त्याविषयी पुढे. शिवाय वेळेची सोय आहेच. रुग्णाच्या उशाशी रात्री दोनला जागणाऱ्या नाशिकच्या बाईला त्या वेळी शेजारचे दार ठोठावता येत नाही. न्यू जर्सीत मात्र तेव्हा दुपार किंवा संध्याकाळ असते.

दुःखाविषयी इतके बोलले जाते की सुखाचे राहूनच जाते. सुख सांगायला तर दुःखापेक्षाही कमी जागा असतात. मुलाला चांगली नोकरी लागली हे बहिणीला सांगताना तिचा मुलगा घरी बसलेला आहे हे आठवते. पगार वाढला हे मित्राला सांगावे तर तो हात उसना मागेल, आणि फारच आनंदाने सांगितले तर दृष्ट लागेल अशी आपली भीती आहेच. शेली गेबल आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या बाजूचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगली बातमी दुसऱ्याला सांगितली की बातमीचा जो आनंद असतो त्यावर आणखी आनंद होतो. पण ऐकणारा कसा प्रतिसाद देतो यावर बरेच ठरते. 'वा, छान' एवढ्यावर आटोपणारा आणि 'सांग ना, कसे झाले सगळे' असे विचारणारा, यांत मोठा फरक पडतो. ज्याच्याशी आपली तुलना होत नाही त्याला असे उत्सुकतेने विचारणे सोपे जाते. सहा महिन्यांच्या व्यायामानंतर आज जिना न थांबता चढले, ही बातमी घरात कोणाला बातमी वाटत नाही. त्याच दुखण्यातून जाणाऱ्या, कधी न भेटलेल्या मैत्रिणीला मात्र त्या जिन्याच्या पायऱ्या मोजाव्याशा वाटतात.

इथवर सगळे गोड झाले. पण सांगितल्याने खरोखर बरे वाटते का? आपली समजूत अशी की वाफ बाहेर पडली की भांडे शांत होते. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ बर्नार रिमे यांनी या समजुतीची अनेक वर्षे परीक्षा घेतली. माणसे आपले भावनिक अनुभव बहुतांशी कोणाला तरी सांगतात, दहापैकी आठ-नऊ अनुभव सांगितले जातात, हे त्यांना आढळले. सांगितल्यावर मोकळे वाटल्याचे लोक म्हणतातही. पण नुसते सांगितल्याने त्या आठवणीची धार कमी होत नाही. ऐकणाऱ्याच्या सहानुभूतीने जवळीक वाढते, एकटेपणा घटतो, दुःख मात्र होते तिथेच राहते. ऐकणाऱ्याने त्या घटनेकडे वेगळ्या बाजूने पाहायला मदत केली, तरच धार बोथट होते. जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रसिद्ध प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतो. विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस पंधरा मिनिटे आपल्या मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायचे होते. ज्यांनी काय घडले आणि काय वाटले हे दोन्ही लिहिले, ते पुढच्या महिन्यांत आरोग्यकेंद्रात तुलनेने कमी वेळा गेले. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम लहान निघाला, तेव्हा लेखणीला रामबाण समजायचे कारण नाही. तरी गोष्ट जुळवून सांगण्यात काही तरी घडते, हे दिसते.

आणि उलटेही घडते. अमांडा रोझ हिने २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींचा अभ्यास करून एका सवयीला नाव दिले. दोन मैत्रिणी मिळून तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसतात. त्याने मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते. रोज रात्री गटात येऊन नवऱ्याविषयी तेच सांगणारी बाई आणि रोज तेच 'हो गं बाई' म्हणणाऱ्या दहा जणी, हे चित्र अनेकांच्या ओळखीचे असेल. आधार म्हणजे मान डोलावणे नव्हे, आणि उपदेशही नव्हे. कॅरोलिन कट्रोना आणि डॅनियल रसेल यांनी १९९० मध्ये मांडलेली एक साधी वाटणी इथे उपयोगी पडते. जे आपल्या हातात नाही, जसे मृत्यू किंवा असाध्य रोग, तिथे माणसाला सोबत हवी असते. जे हातात आहे, जसे विम्याचा दावा किंवा डॉक्टर बदलणे, तिथे माहिती आणि प्रत्यक्ष मदत. बहुतेक दुखावणी या दोहोंची अदलाबदल झाल्याने होतात. बाप गेला असे लिहिणाऱ्याला काढ्याची कृती पाठवणारे आणि कागदपत्रे कुठे सादर करायची असे विचारणाऱ्याला फुलांचे चित्र पाठवणारे, दोघेही मनाने चांगलेच असतात.

आता मात्सकडे येतो. १९६५ मध्ये फ्रँक रीसमन याने एक निरीक्षण मांडले होते. स्वमदत गटांत मदत घेणाऱ्यापेक्षा मदत देणाऱ्याला अनेकदा अधिक लाभ होतो. दारू सोडू पाहणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना १९३५ पासून याच पायावर उभी आहे. दुसऱ्याला दारूपासून दूर ठेवण्यासाठी धावणारा माणूस त्या धावण्यात स्वतः सावरतो. दीर्घ आजारी माणसाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे, कारण त्याच्या भोवतीच्या जगात देण्याचे सगळे रस्ते बंद झालेले असतात. त्याला भरवले जाते, उचलले जाते, त्याच्यापुरते दार उघडून धरले जाते. सगळे प्रेमाने होते आणि त्याच प्रेमाने रोज त्याला सांगितले जाते की तू घेणारा आहेस. ऑस्लोच्या घरात मात्स घेणारा होता. दुसऱ्या जगात कोणाला त्याची खुर्ची दिसत नव्हती, म्हणून तिथे तो सल्ला देऊ शकला, भांडू शकला, रुसू शकला, कोणाची तरी बाजू घेऊन पत्र लिहू शकला. दूरच्या सोबत्यांनी त्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट सहानुभूती नव्हती. त्यांनी त्याच्याकडे मागितले, ही ती गोष्ट होती.

अंथरुणाला खिळलेल्या, शुश्रूषेत अडकलेल्या, परगावी एकट्या पडलेल्या कोणाचाही विचार करताना मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'दिवसभर मोबाइलवर काय असते याचे' असे घरातले विचारतात, तेव्हा त्या माणसाला तिथे काय मिळते हा अर्धाच प्रश्न असतो. तिथे त्याच्याकडून कोणाला काय मिळते, हेही विचारून पाहावे. पक्षाघातानंतर घरात बसलेला निवृत्त शिक्षक आपल्या गटात नव्या रुग्णांना बोटांचे व्यायाम कसे चिकाटीने करायचे ते लिहून पाठवत असेल, तर ते त्याचे काम आहे, आणि फोन काढून घेणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा निवृत्त करणे.

या मैत्रीच्या उणिवा खऱ्या आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. फसवणूक ही पहिली. २००१ मध्ये अमेरिकेत एक रक्ताच्या कर्करोगाची तरुण रुग्ण आपली रोजनिशी इंटरनेटवर लिहीत असे. हजारोंनी तिच्यासाठी जीव टाकला, ती गेल्याची बातमी आली तेव्हा लोक रडले, आणि मग कळले की अशी मुलगी कधी नव्हतीच, एक मध्यमवयीन बाई तिच्या नावाने लिहीत होती. मार्क फेल्डमन या मनोविकारतज्ज्ञाने खोटा आजार सांगून ऑनलाइन सहानुभूती मिळवण्याच्या या प्रकाराला त्याआधी वर्षभरच नाव दिले होते. सहानुभूतीसाठी खोटे बोलणाऱ्यांखेरीज पैशांसाठी बोलणारेही आहेत. तेव्हा मन मोकळे करावे, बँकेचा तपशील करू नये, आणि मदतीची रक्कम शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरावी.

दुसरी उणीव हातांची. दिल्लीतल्या त्या भिक्षुणीसाठी दूरच्यांनी सगळे केले, पण दिल्लीत प्रत्यक्ष रुग्णालयात जाणारी माणसे लागलीच. दूरचा मित्र डबा पोहोचवू शकत नाही, रक्त द्यायला येऊ शकत नाही, आणि कोणी जीव देण्याच्या टोकाला पोहोचले असेल तर दार फोडू शकत नाही. तिथे चांगल्या शब्दांवर थांबणे धोक्याचे आहे. अशा मित्राचा गाव आणि जवळचा माणूस विचारून घ्यावा, त्या माणसाला कळवावे. केंद्र सरकारची २०२२ पासून सुरू असलेली 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

तिसरी उणीव मात्र फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे मौन. रोज लिहिणारा माणूस एक दिवस लिहायचा थांबतो. तो रागावला, कंटाळला, दवाखान्यात आहे की गेला, हे पलीकडच्यांना कळायला मार्ग नसतो. इकडे घरचे त्याच्या नातेवाइकांना, कार्यालयाला, सोसायटीच्या सचिवाला कळवतात. ज्यांच्याशी तो मध्यरात्री बोलत होता त्यांची नावेच घरात कोणाला ठाऊक नसतात. ब्लॉगचा पासवर्ड हाताशी नसता तर मात्सच्या आईवडिलांना ती पत्रे मिळाली नसती आणि तिकडची मंडळी वाट पाहत राहिली असती. पूर्वी टेलिफोनशेजारी एक वही असायची. त्यात दूधवाला, डॉक्टर, गॅस, गावचे काका असे क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिलेले असत, आणि घरात काही घडले की ती वही उघडली जाई. आज ती वही नाही, पण एक कागद कपाटात ठेवता येतो. त्यावर दोन-तीन नावे, ती कुठे भेटतात, आणि त्यांना कसे कळवायचे, इतके लिहिले तरी पुरते.